फुगडी, तीन मिनिटं चाळीस सेकंद

"बर्फावरून घसरणं आहे यात, आणि फुगडी नाही?"

पमाआत्यानं मनगटावरचं घड्याळ माझ्या नाकासमोर धरलं. मी पुण्याहून येऊन वाईच्या स्टँडवरून चालत घरी पोचले होते. पाठीवरची पिशवीसुद्धा अजून उतरवली नव्हती.

"परदेशातल्या लोकांसाठी बनवतात गं ते," मी म्हटलं.

"मग मला कशाला बांधलंय? वाईत बर्फ पडतो तो फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर. तिथं घसरू?"

आतून हेमंतदादाचा आवाज आला. "रेणू आली का? आधी तिला पाणी दे, आई. मग भांड."

हेमंतदादा म्हणजे आत्याचा एकुलता एक मुलगा. विम्याच्या कचेरीत काम करायचा. माणूस प्रेमळ, पण धंद्याची सवय अंगात मुरलेली. समोर कुणी शिंकलं तरी त्याच्या डोळ्यांत हप्त्याचा तक्ता उघडायचा. आतोबा गेले तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. सकाळी पेपर वाचत बसले होते, पान उलटताना हात तिथंच थांबला. तेव्हापासून दादा माणसांकडे जरा वेगळ्याच नजरेनं बघायचा, जशी आपण उकळीला आलेल्या दुधाकडे बघतो.

त्या वर्षी ज्येष्ठात आत्याला जिन्यात भोवळ आली. बासष्ट वर्षांची होती ती. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, ठणठणीत आहे म्हणाले, आणि उठता उठता सवयीनं पुढं म्हणाले, "तरी लक्ष ठेवा." दादानं ते शब्द घरी आणले आणि देव्हाऱ्यात ठेवावेत तसे जपले. मला फोन आला. मी पुण्यात खेळाची घड्याळं तपासणाऱ्या एका कंपनीत होते. दोन्ही मनगटांवर मिळून चार घड्याळं बांधायची आणि पळायचं, पोहायचं, पर्वती चढायची. शिवाय छातीला एक पट्टा. मग कुठल्या घड्याळानं किती खोटं सांगितलं ते लिहून काढायचं, एवढीच नोकरी. दादा म्हणाला, "त्यातलं एक आईला दे. ठोके माझ्या फोनवर दिसले पाहिजेत. एकशे तीसच्या वर गेले की मला कळलं पाहिजे."

"एकशे तीस कुणी सांगितलं, डॉक्टरांनी?"

"मी ठरवलंय."

घड्याळ मी पाठवलं. आणि आत्यानं ते पहिल्या दिवशी हातात घातल्या घातल्या ओवी रचली. जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेली बाई ती, बोलता बोलता दोन ओळी सांडायच्या तिच्या तोंडून.

चुड्याच्या शेजारी, काळं घड्याळ बसलं
बांगड्या पुसती गं, हे सासर कुठलं

श्रावण तोंडावर आला होता. आत्याचा मंगळागौरीचे खेळ करणारा नऊ बायकांचा गट होता, सत्तावीस वर्षं चाललेला. पुढं गाणारी तीच. तिनं ओढलं की बाकीच्या धावायच्या. श्रावणातल्या दुसऱ्या रविवारी नगरपालिकेच्या सभागृहात स्पर्धा असायची, आणि गेली अकरा वर्षं शेवटची लढत दोघींचीच व्हायची: आत्याचा गट आणि कालिंदीबाई सबनिसांचा गट. कालिंदीबाई म्हणजे आत्याची तिसरीपासूनची वर्गमैत्रीण. एकमेकींना काली आणि पमी म्हणायच्या, आणि एकमेकींच्या गटाबद्दल जे बोलायच्या ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आता प्रश्न असा होता की आत्या यंदा खेळणार की नाही. मला त्यासाठीच बोलावलं होतं.

झालं होतं ते असं. तालमीत कोंबडा चालला होता. उकिडवं बसून उड्या मारायच्या असतात त्यात. आत्या खाली बसली, उडाली, पुन्हा दाणकन खाली. घड्याळाला वाटलं, बाई पडली. तशी त्यात सोय असते. त्यानं तीस सेकंद वाट पाहिली, आत्याला विचारलं, ठीक आहात का? आत्या कोंबडा झालेली. तिनं कशाला बघितलंय. घड्याळानं दादाला कळवलं. दादा कचेरीतून स्कूटरवर हेल्मेटशिवाय निघाला, आणि मंडळाच्या खोलीचं दार ढकलून आत शिरला तेव्हा नऊ प्रौढ बायका पदर खोचून कोंबड्यासारख्या आरवत होत्या.

"बरं झालं आलास," आत्या म्हणाली म्हणे. "अंडी नेतोस?"

दादा हसला नाही. त्यानं फोन काढून मागचे आकडे बघितले. कोंबडा एकशे वीस. आणि त्याआधी झिम्मा, एकशे अडुसष्ट.

"एकशे अडुसष्ट, रेणू," तो मला सांगत होता, आता पाणी पिऊन झाल्यावर, माजघरात. "बासष्ट वर्षांच्या बाईला. ही आता खुर्चीत बसून गाणार. बास."

"खुर्चीत बसून झिम्मा," आत्या म्हणाली. "पलंगावर पडून पोहते मी."

"आई, मी गंमत करत नाहीये."

"तुझे बाबा काय फुगडी खेळताना गेले का रे?"

दादानं फोनची काच शर्टाच्या टोकाला पुसली. आत्यालाही वाटलं असावं की जरा जास्त झालं. ती उठून आत गेली आणि डाळिंबाच्या दाण्यांची वाटी आणून त्याच्यापुढं ठेवली.

मला त्या आकड्यात काहीतरी खटकत होतं. "आत्या, झिम्म्यात तू गात होतीस?"

"मग काय मुकी खेळत होते?"

"पूर्ण आवाजात?"

"रस्त्यापलीकडच्या गिरणीवाल्याला विचार."

एकशे अडुसष्टवर माणूस धापा टाकतो, त्याला ओळ पुरी करता येत नाही. मी घड्याळ आत्याच्या हातातून काढलं आणि दादाच्या मनगटावर बांधलं. "दादा, तू खुर्चीत बस. उठायचं नाही. फक्त टाळ्या वाजव. आत्या, झिम्म्याचं गा. त्या दिवशीच्याच लयीत."

"मी कशाला टाळ्या..."

"वाजव रे," आत्या म्हणाली, आणि तिनं सुरूच केलं.

विम्याच्या कचेरीतला माणूस खुर्चीत ताठ बसून टाळ्या वाजवू लागला. आधी लाजत, मग लयीत. आत्याची लय म्हणजे पुराचं पाणी, उभं राहू देत नाही. दोन मिनिटं झाली. मी घड्याळ त्याच्यासमोर फिरवलं. एकशे चौसष्ट.

"दादा, तू मेलास का?"

तो आकड्याकडे बघतच राहिला. घड्याळानं त्याला वर शाबासकीही दिली, आज उत्तम कसरत झाली म्हणून.

मी समजावून सांगितलं. घड्याळाच्या पोटाशी हिरवा दिवा असतो. तो कातडीतून रक्ताची ये-जा बघतो. पळताना, पोहताना त्याचं थोडंफार जमतं. पण हाताला एकसारखे हिसके बसायला लागले की तो गोंधळतो, हिसक्यालाच ठोका समजतो. त्या दिवशी त्यानं आत्याचं काळीज मोजलंच नव्हतं, टाळ्या मोजल्या होत्या.

"म्हणजे मी लय उतरवली तर?" आत्या म्हणाली.

"तर आकडा उतरेल."

तिनं डोळे मिटले आणि तेच गाणं संथ केलं, पाळणा म्हणावा तसं. दादाचे हात आपोआप तिच्यामागं गेले. एकशे चाळीस. एकशे दहा. ब्याण्णव. आत्यानं डोळे उघडले तेव्हा त्यांत जे चमकलं ते बघून मला भीती वाटायला हवी होती.

माझ्या काळजाची, नको मोजूस पावलं
गाण्याच्या मागं गं, ते आपणच धावलं

"छान," दादा म्हणाला. घड्याळ काढून त्यानं टेबलावर ठेवलं. "म्हणजे हे खेळणं आहे. खोटं बोलणारं. मग मी कशावर विश्वास ठेवू?"

"छातीच्या पट्ट्यावर. तो हृदयाचीच वीज ऐकतो, हाताशी त्याचा संबंध नाही. पुढच्या वेळी घेऊन येते."

"ठीक. स्पर्धेच्या दिवशी पट्टा बांधायचा. माझ्या फोनवर दिसला पाहिजे. एकशे तीसच्या वर एकदा जरी गेला, तर पुढच्या फेरीत आई खुर्चीत. कबूल?"

"आणि खुर्चीत बसून वाढले तर?" आत्यानं विचारलं.

"खुर्चीत बसून कशाला वाढतील?"

"नाही, आपलं विचारलं."

मधल्या तीन आठवड्यांत मी दर शनिवारी वाईला यायची. आत्याचा हट्ट होता की घड्याळाला फुगडी शिकव. तशी सोय होती. नवा खेळ जोडता यायचा, त्याला नाव द्यायचं, हाताची हालचाल पुन्हा पुन्हा नोंदवून दाखवायची, मग ते घड्याळ आपण होऊन तो खेळ ओळखायला लागतं आणि नोंद सुरू करतं. निदान करायला हवं. मी फुगडी शिकवली. त्यानं ती होडी वल्हवणं म्हणून लिहिली. पुन्हा शिकवली. गोळाफेक. सूप नाचवलं, तर टेनिस. पिंग्याला ते काहीच म्हणालं नाही, फक्त पाणी प्या असं सुचवलं.

"मठ्ठ आहे," आत्या म्हणाली. "पण शिकेल. मुलींनासुद्धा कुठं एका श्रावणात येते फुगडी? तोल आपला सांभाळायचा नसतो त्यात, समोरचीवर टाकायचा असतो. हे हिला कळायला वेळ लागतो."

घड्याळ तोवर तिच्या लेखी ती झालं होतं.

स्पर्धेच्या रविवारी सकाळी मी घड्याळात शेवटची दुरुस्ती केली आणि ते आत्याच्या हातात चढवलं. पट्टा चोळीच्या आत बांधला. नऊवारी, नथ, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या आणि त्यांच्यात दडलेलं काळं घड्याळ. दादा पहिल्या रांगेत बसला, फोन मांडीवर. मी त्याच्या शेजारी.

पहिल्या फेरीत आत्या खेळली ती मी विसरणार नाही. झिम्म्यात फोनवर एकशे चौदा. पिंग्यात एकशे एकोणीस. दादाचे खांदे जरा खाली आले. मग शेवटच्या फुगडीत त्यांच्या गटातली धाकटी अपर्णा अडखळली, आत्यानं तिला ओढून उभं धरलं आणि गिरकी पुरी केली. त्या एका क्षणी आकडा उमटला. एकशे तेहेतीस.

"दादा, तीनच ठोके."

"कबूल केलं होतं."

"लगेच खाली आले बघ."

"रेणू." तो माझ्याकडे बघत नव्हता. "कबूल केलं होतं."

दुपारनंतर शेवटची फेरी. तीन गट उरले होते: साताऱ्याचा एक, मग आत्याचा, मग कालिंदीबाईंचा. आत्याला मी सांगायला गेले तेव्हा ती आरशासमोर नथ सारखी करत होती. तिनं ऐकलं. ना टोमणा, ना ओवी; नथ तशीच वाकडी ठेवून उठली. रंगमंचाच्या उजव्या अंगाला, पडद्याआड एक पत्र्याची खुर्ची होती. ती तिथं जाऊन बसली. गटातल्या बायका भोवती उभ्या होत्या, दिवे गेल्यासारख्या. अपर्णा रडत होती.

"तू गा तरी ना इथून," कुणीतरी म्हणालं.

"खुर्चीतून गळा निघत नाही माझा," आत्या म्हणाली. "त्याला पाय लागतात."

पलीकडं कालिंदीबाई कमरेवर हात ठेवून हे बघत होत्या. उंच, रुंद हाडाची बाई. त्या माझ्याजवळ आल्या. "काय झालं गं हिला?"

मी सांगितलं. पट्टा, एकशे तीस, खुर्ची, सगळं. खुर्चीत बसून वाढले तर, हा आत्याचा प्रश्नही सांगितला, कारण तो आठवून मला हसू येत होतं आणि रडूही.

"हेमंत्या बावळटच आहे लहानपणापासून," कालिंदीबाई म्हणाल्या. "जा तू. बस त्याच्यापाशी. त्याला एकट्याला सोडू नकोस."

मी जाऊन बसले. साताऱ्याचा गट सुरू झाला. बऱ्या खेळत होत्या. माझं लक्ष नव्हतं. दादाच्या मांडीवरच्या फोनवर आत्याचे ठोके दिसत होते, ब्याऐंशी, ऐंशी, ब्याऐंशी, विझत आलेल्या समईसारखे एका जागी. त्यानं ते बंद करायला अंगठा नेला आणि थांबला.

अठ्ठ्याण्णव.

"हे काय?" तो म्हणाला.

एकशे बारा. एकशे सव्वीस. मी फोन त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतला. आकडा पायऱ्या चढल्यासारखा चढत होता. एकशे एकतीस. एकशे चाळीस.

"बसल्या बसल्या?" दादानं पडद्याकडे बघितलं. "अगं, ती बसलीय ना खुर्चीत?"

आणि तेव्हा मला वाटलं की मला कळलं. मी फोनवरून नजर न काढता त्याला भराभर सांगायला लागले. "दादा, तूच बसवलंस. सत्तावीस वर्षं जी बाई रिंगणात पुढं असते तिला पडद्याआड बसवून दुसऱ्यांचा खेळ ऐकवतोयस. खेळताना एकशे चौदा होते. बघताना एकशे चव्वेचाळीस. आता तूच सांग, धोका कशात आहे? तुझ्या कचेरीत विचार हवं तर."

त्याची एक चप्पल खुर्चीखाली गेली होती, ती शोधायला खाली वाकला. बराच वेळ वाकलेला राहिला. मी फोनवरच बघत होते. एकशे अठ्ठेचाळीस. आणि मग थांबला आकडा. मग उतरायला लागला. एकशे तीस, एकशे अकरा. दोन मिनिटांत शंभरच्या आत. ते बघून माझा जीव भांड्यात पडला. नोकरीत एक गोष्ट मी शिकले होते: चढ कुणालाही येतो, माणसाचं काळीज कसं आहे ते उतारावर कळतं. असा उतार पंचविशीतल्या पोरींचा असतो.

दादा सरळ झाला. चष्मा काढून पुसला.

"जा," तो म्हणाला. "सांग तिला खेळ म्हणून."

"खरं?"

"जा म्हटलं ना. साताऱ्याच्या बायका संपवत आल्या."

मी धावत पडद्याआड गेले. आत्या खुर्चीतच होती, हात मांडीवर, शाळेतल्या शहाण्या मुलीसारखी. चेहरा मात्र तव्यावरून नुकत्या उतरलेल्या भाकरीसारखा. कपाळावरचं कुंकू घामानं नाकापर्यंत आलेलं. पायाशी हिरव्या बांगडीचे तुकडे. आणि चार हातांवर कालिंदीबाई भिंतीला टेकून छतातला पंखा न्याहाळत होत्या. त्यांचा श्वास मला तिथपर्यंत ऐकू येत होता.

"दादा खेळ म्हणाला," मी म्हटलं.

"हो का?" आत्या उठली. "बघ, म्हणजे समजूतदार आहे पोरगा."

"आत्या, तुझं घड्याळ थरथरतंय."

तिनं मनगट पुढं केलं. मी बांगड्या मागं सारल्या. काचेवर अक्षरं होती. मी शिकवलेला खेळ, तीन आठवड्यांत एकदाही न ओळखलेला, त्या मठ्ठ घड्याळानं शेवटी ओळखला होता, आणि आपण होऊन नोंदवला होता, वेळेसकट.

फुगडी. तीन मिनिटं चाळीस सेकंद. ठेवायची की पुसायची?

मी आत्याकडे बघितलं. आत्यानं कालिंदीबाईंकडे. कालिंदीबाईंनी पंख्याकडे.

"हे हेमंतच्या फोनवर जातं का गं?" आत्यानं अगदी सहज विचारलं.

"ठेवलं तर जातं."

"शिकली म्हणजे शेवटी," ती घड्याळावर बोट फिरवत म्हणाली. "शहाणी गं माझी बाई. पण मुहूर्त चुकला."

तेवढ्यात मागं पावलं वाजली. दादा पाण्याची बाटली घेऊन आला होता. त्यानं आईचा चेहरा बघितला, जमिनीवरची बांगडी बघितली, मग माझ्या हातातलं तिचं मनगट.

"काय म्हणतंय घड्याळ?" त्यानं विचारलं.

माझी नोकरी एवढीच होती की घड्याळ खरं बोललं की खोटं ते सांगायचं. त्यासाठी मला पगार मिळायचा. माझा अंगठा काचेवर होता.

"काही नाही रे दादा," मी म्हटलं, आणि दाबलं. "अजून फुगडी ओळखत नाही ते."

"असं होय," दादा म्हणाला.

मी घड्याळ आत्याच्या हातातून काढून माझ्या पिशवीत टाकलं. आत्या रिंगणात गेली. पदर खोचला, दोन्ही पायांवर एकदा तोल घेतला, आणि पहिलीच ओवी तिनं अशी टाकली की मागच्या रांगेतल्या बायका उभ्या राहिल्या.

खुर्चीत बसवलं, मला म्हातारी म्हणून
पाय राहिले गं, रिंगणात विसरून

फोनवर एकशे अठ्ठावीसच्या वर एकदाही आकडा गेला नाही. ढाल मात्र कालिंदीबाईंना मिळाली, एका गुणानं. आत्या आठवडाभर त्यांच्याशी बोलत नव्हती. रिक्षातून घरी जाताना मी तिला एकटीला गाठून विचारलं होतं. "कालीचीच कल्पना," ती म्हणाली. "मला म्हणते, ऊठ, बसून वाढतात का ते दाखवू तुझ्या पोराला. मी म्हटलं, तुला काय पडलंय, मी नसले तर ढाल तुझीच. तर म्हणाली, तू नसताना जिंकून ती दाखवू कुणाला?" मग जरा थांबून, "आणि तरी मेलीनं जिंकलीच."

मला त्या रात्री झोप नीट लागली नाही. सोमवारी मी आत्याला दवाखान्यात घेऊन गेले आणि तिला ट्रेडमिलच्या पळत्या पट्ट्यावर चालवून पूर्ण तपासणी करून घेतली. डॉक्टर कागद बघून म्हणाले, "हे मलाच दोन महिन्यांपूर्वी का विचारलं नाहीत? खेळू द्या की." दादानं तो कागद घडी घालून पाकिटात ठेवला. एकशे तीसचं नाव पुन्हा त्याच्या तोंडून निघालं नाही. मी पुढं ती नोकरी सोडली, त्या प्रसंगामुळं नव्हे, पण प्रत्येक अहवालावर सही करताना माझा अंगठा मला आठवायचा, हेही खरं.

याला आता नऊ वर्षं झाली. आत्या एकाहत्तर वर्षांची आहे, गट आता अपर्णा चालवते, आणि आत्या तिच्या मागं उभी राहून तिच्या चुका मोठ्यानं मोजते. घड्याळ गोदरेजच्या कपाटात आहे. मागच्या श्रावणात मी वाईला गेले होते. अंगणात आत्या आणि कालिंदीबाई फुगडी घालत होत्या, आता तीन-चार गिरक्यांची, गुडघ्यांना विचारून घातलेली. दादा आणि मी ओट्यावर शेंगा सोलत बसलो होतो. इतक्या वर्षांनी मला ते पोटात ठेववेना.

"दादा, तुला एक सांगायचंय. त्या वर्षी स्पर्धेत, खुर्चीत बसून आत्याचे ठोके वाढले होते ना..."

"ती बसली नव्हती," तो शेंग फोडत म्हणाला.

"तुला कसं कळलं?"

"तू फोनकडे बघत होतीस. मी चप्पल शोधायला वाकलो. तिथला पडदा जमिनीपासून वीतभर वर होता, आठवतं? त्याखालून चार पाय दिसत होते. गरागरा फिरत होते." त्यानं दाणे वाटीत टाकले. "त्यातल्या दोन पायांवर पालथा पडून मी न्हालोय, रेणू. ते मला ओळखू येणार नाहीत?"

अंगणात कालिंदीबाई काहीतरी म्हणाल्या आणि आत्या हसली.

"मग तेव्हाच थांबवलं का नाहीस तिला?"

"थांबवायलाच उठत होतो," दादा म्हणाला. "पण तेवढ्यात फुगडीची लय बदलली त्या दोघींनी. दुप्पट. आणि एक पाऊल चुकलं नाही." त्यानं माझ्यापुढं वाटी सरकवली. "आणि तुला विचारलं तर म्हणालीस, घड्याळाला फुगडी ओळखता येत नाही. म्हटलं, चला, घरात आपल्याला एकट्याला येते."